एका कॅडमधून दुसऱ्या कॅडमध्ये: फाइल कुठे आणि का बिघडते

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये ग्राहकाची थ्रीडी फाइल उघडताना जे बिनसतं, त्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात फाइल उघडतच नाही. दुसऱ्यात ती उघडते, पण सरफेस फाटलेले असतात, दोन-चार फेस गायब असतात, सॉलिड झालेलं नसतं. तिसऱ्यात सगळं छान उघडतं, एकही एरर येत नाही, आणि तरीही फाइल चुकीची असते. पहिल्या प्रकारात तास जातात, दुसऱ्यात दिवस जातात, तिसऱ्यात स्टील वाया जातं. या विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक दुसऱ्या प्रकाराबद्दल, आणि तेही फाइल घेणाऱ्याने काय करावं एवढ्यापुरतं. माझं मत वेगळं आहे. फाइल बहुतेक वेळा पाठवताना बिघडते, किंवा मुळातलं मॉडेलच कच्चं असतं. दुरुस्तीचा भार मात्र साखळीतल्या सगळ्यांत लहान माणसावर येतो आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

हा भार केवढा असू शकतो, याचा एक जुना पण भक्कम अंदाज आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने १९९९ मध्ये तिथल्या मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिझाइनची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात धड जात नाही, यापायी त्या साखळीचं वर्षाला किमान एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातला मोठा वाटा होता निरुपयोगी ठरलेल्या फाइली दुरुस्त करण्याचा किंवा मॉडेल पहिल्यापासून पुन्हा काढण्याचा. २००४ मध्ये याच संस्थेने मोठ्या इमारती आणि कारखाने उभारणाऱ्या क्षेत्राचा हिशेब मांडला, तो वर्षाला १५.८ अब्ज डॉलरवर गेला. पुणे-चाकण पट्ट्यातली साखळीही त्याच घडणीची आहे. वर गाडी बनवणारी कंपनी, खाली टिअर-वन, त्याखाली टूलरूम, आणि सर्वांत खाली एखादं व्हीएमसी घेऊन बसलेला जॉबवर्कवाला. वरचा ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो ते खालच्याला परवडत नाही. प्रश्नाची सुरुवात इथे होते.

न उघडणाऱ्या फाइलचं प्रकरण लवकर आटोपतं, कारण शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो आवृत्तीचा घोळ असतो. नव्या आवृत्तीची फाइल जुनं सॉफ्टवेअर वाचत नाही आणि लहान वर्कशॉप लायसन्सच्या खर्चामुळे जुन्यावरच काम रेटत असतं. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिली सहा अक्षरंच तिचं वय सांगतात: एसी१०१५ म्हणजे २००० चा साचा, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०३२ म्हणजे २०१८. पाठवणाऱ्याला ‘२०१३ मध्ये सेव्ह करून द्या’ एवढं सांगितलं की काम होतं. ऑटोकॅडमध्ये ‘रिकव्हर’ आणि ‘ऑडिट’ या आज्ञा आहेत, पण त्या खरोखर मोडलेल्या फाइलसाठी. नव्या फाइलवर त्या चालवत बसण्यात अर्थ नाही.

फाटलेल्या सरफेसचा प्रश्न मात्र खोल आहे. तो समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. अमेरिकेत १९७९ मध्ये बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तिथलं मानक कार्यालय यांनी मिळून एक सामाईक फाइल-साचा करायला घेतला. तो १९८० मध्ये आला, तोच आयजीईएस. आपल्या शॉपफ्लोअरवर त्याला ‘आयजेस’ म्हणतात. पंचकार्डच्या जमान्याची खूण म्हणून त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची आहे. आयजीईएसचा मूळ स्वभाव सुट्या सरफेसचा: पार्टचा प्रत्येक फेस स्वतंत्रपणे लिहिलेला आणि शेजारी कोण आहे याची त्याला खबर नाही. पुढे त्यात सॉलिडची सोय झाली, पण व्यवहारात सुटे सरफेसच फिरत राहिले. मग १९९४ मध्ये स्टेप आला, म्हणजे आयएसओ १०३०३. त्यात कोणती कड कोणत्या दोन फेसच्या मध्ये आहे, हे नातं लिहिलेलं असतं. स्टेपच्या एपी २०३ आणि मोटार उद्योगासाठीच्या एपी २१४ या दोन शाखा २०१४ मध्ये एपी २४२ मध्ये एकत्र आल्या. आजही कोणी हौसेने आयजेस पाठवत असेल तर पहिला उपाय म्हणजे स्टेप मागणं. निम्मी दुखणी तिथेच जातात.

उरलेली निम्मी का जात नाहीत? कारण फाइलचा साचा एक असला तरी तो लिहिणारी आणि वाचणारी भूमितीची इंजिनं वेगळी असतात. या इंजिनाला कर्नल म्हणतात. सॉलिडवर्क्स, एनएक्स आणि सॉलिड एज ही तिन्ही पॅरासॉलिडवर चालतात. कॅटियाचं स्वतःचं इंजिन आहे, क्रिओचं वेगळं, ऑटोडेस्कने २००१ मध्ये एसिस या इंजिनापासून फुटून आपलं वेगळं काढलं, आणि फुकट मिळणारं फ्रीकॅड ओपन कॅस्केडवर उभं आहे. प्रत्येकाची ‘दोन बिंदू एकच आहेत’ असं म्हणण्याची मर्यादा निराळी. कॅटियात ती ०.००१ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉन आहे. पॅरासॉलिडमध्ये ती ०.००००१ मिलिमीटर, म्हणजे शंभर पट बारीक आहे. क्रिओत सापेक्ष अचूकतेचं सेटिंग असेल तर ती पार्टच्या आकाराच्या प्रमाणात, ०.००१२ या गुणोत्तराने धरली जाते, त्यामुळे पार्ट मोठा की चालून जाणारी फटही मोठी.

एक कड जवळून पाहू. हेडलॅम्पच्या हाउसिंगवर दोन वळणदार सरफेस एकमेकांना भेटतात. कॅटियात त्यांच्यामध्ये ०.०००८ मिलिमीटरची फट राहिली आहे. कॅटियाच्या दृष्टीने ती फटच नाही, मॉडेल बंद आहे, डिझायनरने काही चुकवलेलं नाही. हीच फाइल पॅरासॉलिडवाल्या सॉफ्टवेअरमध्ये आली की ती फट त्याच्या मर्यादेच्या ऐंशी पट ठरते. सॉफ्टवेअरपुढे दोनच वाटा असतात. त्या कडेपुरती मर्यादा सैल करायची आणि तिला ‘टॉलरंट’ कड म्हणून निभावून न्यायचं, नाहीतर फेस सुटा सोडायचा. चांगला ट्रान्सलेटर पहिली वाट धरतो. पण फट आणखी थोडी मोठी असेल, किंवा ती कड जिथे संपते तो कोपराच नाजूक असेल, तर दुसरी. पडद्यावर लाल कड दिसते आणि आपण म्हणतो सरफेस फाटला.

ही फट राहतेच कशी, असं कोणीही विचारेल. डिझायनर निष्काळजी असतो म्हणून राहते असं नाही. दोन मुक्त वळणाचे सरफेस जिथे छेदतात ती रेषा नेमकी लिहिताच येत नाही. साध्या द्विघन पॅचच्या जोडीचा छेद म्हणजे ३२४ घाताची बीजगणिती रेषा निघते. अशी रेषा कोणतंही सॉफ्टवेअर साठवत नाही, प्रत्येक जण जवळची सोपी रेषा काढून ठेवतो. त्यातही एकाच कडेच्या तीन नकला असतात: एक अवकाशातली, एक पहिल्या सरफेसच्या अंगावरची, एक दुसऱ्याच्या. तिन्ही किंचित सरकलेल्या. आयजीईएसमध्ये यातल्या कोणत्या नकलेवर भरवसा ठेवायचा हे सांगणारा एक आकडा असतो. तो कोरा राहिला, किंवा वाचणाऱ्याने त्याच्याकडे काणाडोळा केला, की ट्रिम चुकते आणि फेस एक तर गायब होतो नाहीतर आपली हद्द सोडून पसरतो. इम्पोर्टच्या खिडकीत टूडी की थ्रीडी कर्व्ह घ्यायचे असा पर्याय दिसला तर तो उलटा करून एकदा फाइल पुन्हा उघडावी. दहा सेकंदांचं काम आहे आणि पुष्कळदा दिवस वाचवतं.

म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी पाठवणारा आणि घेणारा कोणत्या घराण्यातले आहेत हे पाहावं. एनएक्समधून सॉलिडवर्क्समध्ये जायचं असेल तर स्टेपचीही गरज नाही, पॅरासॉलिडची एक्स_टी फाइल मागावी. इंजिन एकच असल्याने भाषांतरच होत नाही, आणि भाषांतर नाही तर फाटणंही नाही. फक्त एक्स_टीलाही आवृत्ती असते, ती घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा नवी नको. इतका सोपा उपाय असताना स्टेपवर दिवसभर टाके घालत बसलेले हुशार टूल डिझायनर मी पाहिले आहेत. कारण ग्राहकाने स्टेप पाठवली आणि दुसरं काही मागायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

स्टेप फाइल हा साधा मजकूर आहे, ही गोष्टही कमी लोक वापरतात. ती नोटपॅडमध्ये उघडावी. वरच्या भागात ती कोणत्या सॉफ्टवेअरने लिहिली, कोणत्या शाखेत लिहिली, हे दिलेलं असतं. खाली शोधून ‘मॅनिफोल्ड सॉलिड बीरेप’ सापडलं तर पाठवणाऱ्याच्या घरी ते बंद सॉलिड होतं, म्हणजे दोष वाटेत झाला. त्याऐवजी ‘शेल बेस्ड सरफेस मॉडेल’ आणि त्यात ‘ओपन शेल’ सापडलं, तर त्याने सुटे सरफेसच पाठवले आहेत. मग आपल्याकडे कितीही वेळा ‘हील ऑल’ दाबा, जे मुळात बंद नव्हतं ते नीट बंद होणार नाही. ही एक ओळ सापडली की ग्राहकाशी बोलण्याची पद्धतच बदलते. ‘आमच्याकडे फाइल उघडत नाही’ असं पडेल आवाजात सांगावं लागत नाही. ‘तुमच्या फाइलमध्ये ओपन शेल आहे, सॉलिड एक्सपोर्ट करून द्या’ असं सांगता येतं.

आपोआप दुरुस्तीबद्दल थोडं सावध राहावं. हीलिंग म्हणजे फटीच्या दोन्ही कडा ओढून जुळवणं, किंवा मर्यादा वाढवून ती फट नाही असं मानणं. बाहेरून न दिसणाऱ्या रिबवर हे चालतं. पार्टिंग लाइनवर चालत नाही. नायलॉनसारखं पातळ वाहणारं प्लास्टिक दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या फटीतूनही बाहेर येतं, आणि मोल्डच्या ट्रायलमध्ये फ्लॅश दिसल्यावर दोष फिटरला दिला जातो. तिथे बिघडलेला फेस काढून टाकून शेजारच्या कडांवरून हाताने नवा बांधणं हाच धड उपाय. वेळ लागतो, पण आपण काय बदललं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि ते ग्राहकाला लिहून कळवता येतं.

आता तिसरा प्रकार. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण इथे लाल कड उगवत नाही.

एककाचा घोळ यातला सगळ्यांत जुना. आयजीईएसच्या डोक्यात एककाचा आकडा असतो, १ म्हणजे इंच, २ म्हणजे मिलिमीटर. डीएक्सएफमध्येही तशी जागा आहे, पण तिथे शून्य, म्हणजे ‘एकक नाही’, असं लिहिलेलं चालतं आणि पुष्कळ फाइलींत तेच असतं. १९८७ साली आलेल्या एसटीएलमध्ये तर एकक लिहायला जागाच नाही. पार्ट २५.४ पट मोठा आला की लगेच कळतं. पण तयार नेस्टिंगमध्ये एखादी लहान पट्टी चुकीच्या एककात आत शिरली, तर ती लेझरवर कापून होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. डीएक्सएफचं आणखी एक दुखणं म्हणजे एकावर एक बसलेल्या दोन रेषा. पडद्यावर एकच दिसते, मशीन दोनदा कापतं. ऑटोकॅडमधली ‘ओव्हरकिल’ ही आज्ञा लेझरवाल्याने रोज वापरायची गोष्ट आहे.

आट्यांचं उदाहरण याहून सूक्ष्म आहे. एम८ च्या टॅप होलचे आटे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खरे काढलेले नसतात, होलला फक्त खूण लावलेली असते. साध्या स्टेपमध्ये ती खूण गळते आणि उरतं ६.८ मिलिमीटरचं गुळगुळीत भोक. काही सॉफ्टवेअर उलट, ८ चं भोक पाठवतात. प्रोग्रॅमर फाइलवरून प्रोग्रॅम करतो, ऑपरेटर प्रोग्रॅमप्रमाणे भोक पाडतो, आणि असेंब्लीत बोल्ट लागत नाही. यात चूक कोणाची शोधायची? मोटार कंपन्यांत आटे, फिट, मशीनिंगचे फेस रंगाने दाखवायची पद्धत आहे. पण एपी २०३ च्या पहिल्या आवृत्तीत रंग जातच नव्हते. एपी २१४ किंवा २४२ निवडणं एवढ्यासाठीही गरजेचं आहे. शिवाय सिलिंडर स्प्लाइन होऊन आला, तर ड्रिलिंगसाठी आपोआप भोकं शोधणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरला तिथे भोकच दिसत नाही.

ड्रॉइंगवरचा मजकूर हाही असाच गुपचूप बदलतो. जिऑमेट्रिक टॉलरन्सची चिन्हं खास फाँटमधून येतात. तो फाँट समोरच्या कॉम्प्युटरवर नसला तर पोझिशनच्या चिन्हाजागी साधं ‘जे’ दिसतं. मराठी मजकुराची हीच गत, फक्त जास्त वाईट. श्री-लिपी किंवा तशा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली शीर्षकपट्टी फाँट नसलेल्या मशीनवर अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होते. डीडब्ल्यूजीत २००७ च्या साच्यापासून युनिकोड आला, पण जुन्या ब्लॉकची नक्कल करत राहिल्याने आजही कित्येक नकाशांत गट नंबर आणि गावाची नावं वाचता येत नाहीत. नव्या ड्रॉइंगमध्ये तरी युनिकोड फाँटच वापरायला हवा. जमिनीच्या कागदावर ही चैन नाही, गरज आहे.

नकाशावरूनच आणखी एक गोष्ट. सर्व्हेअरची फाइल खऱ्या यूटीएम निर्देशांकांत असते. पुण्याचा उत्तरेकडचा निर्देशांक सुमारे २० लाख ४८ हजार मीटर येतो. कॅडच्या पोटात आकडे दुहेरी अचूकतेने साठवलेले असतात, पण पडद्यावर चित्र काढताना, किंवा बायनरी एसटीएल लिहिताना, ते ३२ बिटांत कोंबले जातात. एवढ्या मोठ्या आकड्याला ३२ बिटांत दोन शेजारच्या बिंदूंमधलं कमीत कमी अंतर १२.५ सेंटिमीटर पडतं. म्हणून इमारतीच्या रेषा थरथरतात, गोल चौकोनी दिसतात, भिंतीवर हॅच बसत नाही. फाइल करप्ट झाली असं समजून लोक ती पुन्हा मागवतात. मॉडेल मूळबिंदूजवळ आणायचं आणि किती सरकवलं ते लिहून ठेवायचं, एवढाच इलाज आहे.

आकार बिनचूक पोचला तरी हेतू मागे राहतो. आलेल्या सॉलिडच्या फीचर ट्रीमध्ये ‘इम्पोर्टेड १’ एवढंच असतं. दोन मिलिमीटरची रिब दीडची करायची, तर मूळ स्केच नाही, माप नाही, नातं नाही. हा इतिहास वाहून नेण्यासाठी स्टेपमध्ये भाग लिहिले गेले, पण मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी ते उचलून धरले नाहीत. ग्राहक आपलं सॉफ्टवेअर सोडून जाऊ नये यात त्यांचं हित होतं आणि आहे. यावर फीचर ओळखणारी साधनं मिळतात. प्रिझमॅटिक पार्टवर ती बरी चालतात, वळणदार पार्टवर त्यांच्याकडून आशा ठेवू नये.

या सगळ्याचं सर्वांत महाग उदाहरण एअरबस ए३८० चं. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हॅम्बुर्गच्या कारखान्यात वायरिंगचं डिझाइन कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीत होत होतं, तुलूझमध्ये पाचव्या. पाचवी आवृत्ती चौथीची सुधारणा नव्हती, ते नव्याने लिहिलेलं वेगळं सॉफ्टवेअर होतं. जर्मनीतून आलेले हार्नेस तुलूझमध्ये विमानात बसवायला घेतले तेव्हा ते पुरेनात. २००६ मध्ये एकामागून एक विलंब जाहीर झाले, पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळालं, आणि २०१० पर्यंतच्या नफ्यावर ४.८ अब्ज युरोचा फटका बसेल असं कंपनीला सांगावं लागलं. या गोष्टीत सगळा दोष सॉफ्टवेअरवर टाकला जातो, तो मला पटत नाही. दोन शहरांत दोन आवृत्त्या चालू आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. एक करायचा निर्णय कोणी घेतला नाही. एअरबसला हा फटका सोसता आला. तीस कामगारांच्या टूलरूमला एक चुकलेली कोअर-कॅव्हिटीही सोसत नाही.

म्हणून काम घेतानाच काही गोष्टी ठरवाव्यात, असं मी आग्रहाने म्हणेन. फाइलसोबत पार्टचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य मागावा. उघडल्यावर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मास प्रॉपर्टीज काढून ते ताडून पाहावेत. एखादा फेस हरवला, एखादी बॉडी लपून राहिली, एकक बदललं, हे सगळं या आकड्यांत दिसतं. एपी २४२ मध्ये हे आकडे फाइलमध्येच बसवून पाठवायची सोय आहे, आणि बऱ्याच मोठ्या सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टच्या खिडकीत त्यासाठी एक खूण करायची असते. आटे आणि टॉलरन्स यांसाठी टूडी ड्रॉइंगची पीडीएफ प्रत हट्टाने घ्यावी, आणि दोन्हीत फरक पडला तर कोणतं खरं, हे लेखी घ्यावं. डिप्लोमाच्या आणि टूलरूमच्या अभ्यासक्रमांत पोरांना मॉडेल काढायला शिकवतात, ते दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं यालाही तिथे तितकीच जागा हवी.

आणि कोटेशनमध्ये एक ओळ घालावी: ‘ग्राहकाने बंद सॉलिड स्वरूपात, एपी २१४ किंवा २४२ मध्ये, घनफळासह डेटा द्यावा, डेटा दुरुस्तीचा आकार तासाप्रमाणे वेगळा लागेल.’ ही ओळ वाचून ग्राहक नाराज होईल अशी भीती अनेकांना वाटते. पण त्याच्या डिझाइन विभागाला एक्सपोर्टची खिडकी एकदा नीट बघायला लावण्याचं काम याच ओळीने होतं, आणि पुढची फाइल बहुतेक वेळा धड येते.